खाटेखालची चवळी

"दुपारी किती जेवता?" हॉस्पिटलातली बाई विचारायची.

"एक ताट."

"आणि संध्याकाळी?"

"एक ताट."

ती लिहून घ्यायची आणि मी खाली अंगठा उठवायचो. आठ वर्षं हे असंच चाललं. आठ वर्षांत माझी साखर एकदाही खाली आली नाही, आणि दर वर्षी एक गोळी मात्र वाढली. बाईला वाटायचं, म्हातारा चिमणीएवढं खातो तरी याची साखर चढते कशी? मला वाटायचं, हिच्या गोळ्याच खोट्या.

मी खोटं बोलत नव्हतो. आमच्या कामगार वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पाच माणसं एका परातीभोवती बसतात. खाली भाताचा ढीग, वर शेंगदाण्याचा रस्सा, मधोमध मासा किंवा मटण. उजव्या हाताने आपापल्या बाजूचं खायचं. परात एक, म्हणून मी एक सांगत होतो. कुणाच्या पोटात किती गेलं हे मोजायचं आमच्या कुणाच्या बापाला सुचलं नव्हतं.

तेनिन कुलिबालीने माझे जुने कागद वाचले आणि कितीतरी वेळ हसत बसली. "फिलीकाका, तुमच्या या एका ताटात लहान मुलाला अंघोळ घालता येईल!"

मग हसू थांबवून ती म्हणाली, "माझ्या बाबांच्या कागदावरही हेच होतं. एक ताट."

तिचा बाप म्हणजे लासिना कुलिबाली. मी समुद्रापलीकडच्या किता गावाहून आलो, तो तिथल्याच कायेसहून. माँत्रॉय शहरातल्या या इमारतीत एकाच खोलीत आम्ही नऊ वर्षं झोपलो. तो मेट्रोचे बोगदे धुवायचा, मी रस्त्याखालचे नळ टाकायचो. बायको आल्यावर तो दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेला, पण रविवारी जेवायला आमच्या परातीवरच. तेनिन तेव्हा त्याच्या मांडीवर बसून मासा मागायची. साखरेने लासिनाचे दोन्ही डोळे गेले, तेव्हा तो गावी परतला. पोरगी इथेच शिकली, आहारतज्ज्ञ झाली आणि नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात लागली.

त्या फेब्रुवारीत ती आली ती मात्र जेवायला नव्हती. आमची इमारत पाडून नवी बांधायची ठरली होती. नव्या नकाशात प्रत्येकाला एक छोटी खोली आणि दाराआड दोन शेगड्या होत्या. स्वयंपाकघर नव्हतंच. इमारत चालवणाऱ्या कंपनीचं म्हणणं, इथे दर तिघांतल्या दोघांना साखर किंवा रक्तदाब आहे आणि त्याला हे स्वयंपाकघरच कारणीभूत आहे, तर ते बंद झालेलंच बरं. जूनमध्ये नगरपालिकेत बैठक होती. त्याआधी तज्ज्ञाचं मत हवं होतं.

"मला पाठवलंय, हे स्वयंपाकघर वाईट आहे असं लिहायला," तेनिन सगळ्यांसमोर म्हणाली. "आणि खरं सांगू? आजच्या आज लिहायचं झालं तर मला तसंच लिहावं लागेल."

न्येले सिसोकोने हातातला डाव भांड्यावर आपटला. ही आमची मुख्य स्वयंपाकीण, सतरा वर्षं आमच्या पोटांवर राज्य करणारी. "याच भातावर वाढलीस ग. लिही. लिही आणि हात धुवून जा."

"न्येलेमावशी, पुरतं ऐक तरी. आज सगळ्यांचं रक्त तपासते. मे महिन्याच्या शेवटी पुन्हा तपासेन. मधल्या दिवसांत भांड्यात काय जाईल ते मी सांगणार. साखर उतरली तर मी तसं लिहीन आणि भांडेन. नाही उतरली तर खोटं लिहिणार नाही. माझ्या बापासाठीसुद्धा नाही."

 आम्ही त्रेसष्ट माणसं होतो, बहुतेक निवृत्त झालेली. बायका-मुलं समुद्रापलीकडे. स्वयंपाकघर गेलं तर काय होतं ते आम्हाला माहीत होतं. पलीकडच्या उपनगरातलं तसंच एक वसतिगृह नवं झालं होतं. तिथला आमचा एक गाववाला आपल्या स्वच्छ खोलीत पाव आणि डब्यातले मासे खाऊन राहायचा, आणि तो आजारी पडल्याचं शेजाऱ्याला चौथ्या दिवशी कळलं.

म्हणून आम्ही बोटं पुढे केली.

पहिले दोन महिने आम्ही कुरकुरत का होईना, ऐकलं. न्येले रश्शात मसाल्याच्या खारट वड्या मूठभर टाकायची, त्या तीनवर आल्या. तेल निम्मं झालं. अंबाडीच्या फुलांच्या सरबतात साखर दिसेनाशी झाली तेव्हा माझा खोलीसोबती झुमाना जारा म्हणाला, "हे सरबत नाही, हे अंबाडीचे अश्रू आहेत." तरी प्यायला. पण भाताचा ढीग तसाच होता आणि भात कमी केला तर पोट कशाने भरायचं हा प्रश्न होता. त्यावर तेनिनने जे उत्तर काढलं, तिथे सगळं अडलं.

ती म्हणाली, "भात निम्मा, आणि निम्मी चवळी."

आता हे सांगायला हवं. आमच्यात आडनावा-आडनावांत थट्टेचं नातं असतं. केइता आणि कुलिबाली भेटले की एकमेकांना टोमणे मारल्याशिवाय सुटका नाही. लहान-मोठं बघायचं नाही आणि रागवायचं तर मुळीच नाही. माझी नात शोभेल अशी तेनिन एरवी मला 'काका, तुम्ही' म्हणायची, पण थट्टा सुरू झाली की 'ए केइता, तू आमचा घरगडी' असं अरे-तुरेवर यायची, आणि तो तिचा हक्कच होता. सगळ्या टोमण्यांत मोठा टोमणा एकच: चवळी खाणारा. चवळी खाणारा म्हणजे अधाशी, पोटात वारा धरणारा, ज्याच्या शेजारी कोणी बसू नये असा. आणि चवळीखाऊ म्हणून सगळ्या मुलखात बदनाम कोण, तर कुलिबाली.

त्यात चवळीची परात घेऊन आली कोण, तर कुलिबालीची पोर.

बुधवार होता. न्येलेने झाकण काढलं आणि हॉलमध्ये एकच गदारोळ झाला.

"बाटवलं! कुलिबालींनी अखेर आम्हाला बाटवलं!"

"खिडक्या उघडा रे, आधीच उघडून ठेवा!"

सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. पंचेचाळीस वर्षं लासिनाला मी याच एका शब्दाने छळलं होतं, तोंडाला सवय होती. "ए पोरी," मी ओरडलो, "तुझ्या पणजोबाने टोपलीभर चवळीसाठी गाव विकलं म्हणतात, खरं का?"

"खरं," ती म्हणाली. "आणि टोपली राखायला केइता ठेवला. त्याने चवळीबरोबर टोपलीही खाल्ली."

हॉल हसून लोळला. पण परातीला हात कोणी लावला नाही. सगळी चवळी शेजारी बांधकामावर असलेल्या पोर्तुगीज गवंड्यांना दिली, त्यांनी भांडं पुसून परत केलं.

तिने पुढच्या आठवड्यात चवळी वाटून वडे केले. वास ओळखला गेला. मग रश्शात घोटून लपवली. झुमानाने एक अख्खा दाणा शोधून काढला, दोन बोटांत धरून उजेडात नेला आणि पोलिसाच्या आवाजात विचारलं, "हा कोणाच्या ओळखीचा आहे का?" पुन्हा हसू, पुन्हा भांडं गवंड्यांकडे.

एप्रिलमध्ये तिने अधेमधे काही जणांचं रक्त पाहिलं. रक्तदाब थोडा उतरला होता, साखर जिथल्या तिथे. मी तिला पाहून नेहमीसारखं "आली चवळीवाली!" म्हटलं.  "उशीर होतोय काका," एवढंच म्हणून ती जिना उतरली. आमच्यात टोमण्याला उत्तर न देणं म्हणजे दार तोंडावर लावण्यासारखं. मी जिन्यात कितीतरी वेळ उभा राहिलो.

त्याच आठवड्यात मी लंगडायला लागलो. नवा बूट चावला असेल म्हणून लक्ष दिलं नाही. दुखत तर नव्हतंच. जिन्यावर माझ्या मागून येणाऱ्या तेनिनने ते पाहिलं. दुपारी ती सरळ माझ्या खोलीत आली. झुमाना बाहेर बाकावर उन्हाला बसला होता.

"मोजा काढा."

"काही नाही ग, फोड आहे."

"काढा म्हणते ना!"

मी खाटेवर बसलो. ती जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि तिने माझा पाय उचलून धरला. करंगळीच्या खाली जखम होती, खोल आणि काळपट, आणि मला तिचा पत्ताच नव्हता. ती पाहत असताना तिची मान अचानक वळली. नाक वर झालं. मग ती वाकली आणि खाटेखाली डोकावली.

मी डोळे मिटून घेतले.

खाटेखाली माझी विजेची छोटी शेगडी होती, तिच्यावर पातेलं, आणि मागे चवळीची पाच किलोची पिशवी.

तेनिनने पातेलं बाहेर ओढलं, झाकण उचललं. अजून गरम होतं. लाल पाम तेल, कांदा, जरा मिरची. माझी आई करायची तशी. आमच्याकडे जुनं धान्य संपलेलं आणि नवं आलेलं नाही अशा दिवसांत आई आम्हा पाच भावंडांना यावरच जगवायची. झुमाना बाहेर गेला की मी आठवड्यातून दोनदा शिजवायचो. अकरा वर्षं.

"केइता!" ती म्हणाली.

"हळू बोल."

"केइता आणि चवळी!"

"पोरी, तुला तुझ्या बापाची शपथ आहे."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. आधी मला वाटलं हसते आहे, आणि हसतच होती. पण हात काढले तेव्हा गाल ओले होते. तिने जखम धुतली, औषध लावलं, पट्टी बांधली. मग उठून म्हणाली, "उद्या सकाळी माझ्याबरोबर हॉस्पिटलात. अजून दोन आठवडे गेले असते तर बोट गेलं असतं, कदाचित पाऊलही."

"बरं."

"आणि हे मी कुणाला सांगणार नाही. कुलिबालीच्या हाती असं घबाड शंभर वर्षांत लागत नाही, तरी नाही सांगणार." दारापाशी ती थांबली. "पण काका, खाली सगळे तुमच्या तोंडाकडे बघतात. तुम्ही हसलात की ते हसतात. मेअखेरीला माझ्याजवळ लिहायला काही नसेल."

एकही टोमणा न मारता ती गेली. जखम दुखत नव्हती, हे मात्र दुखलं.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली आणि सगळे जेवायला जमले. मी बँडेज बांधलेला पाय ओढत, दोन्ही हातांत माझं पातेलं धरून जिना उतरलो. न्येलेसमोर ठेवलं.

"हे परातीत ओत."

तिने झाकण उचलून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. काही न विचारता ओतलं. मी परातीशी बसलो, बिस्मिल्ला म्हटलं आणि घास घेतला. मोठा घास, सगळ्यांना दिसेल असा.



मग छप्पर उडालं. कोणी टेबलं बडवत होतं, कोणी जमिनीवर बसलं. "केइता! अरे देवा, केइता!" झुमाना छातीवर हात मारून ओरडत होता, "मी याच्याबरोबर एका खोलीत झोपतो! अकरा वर्षं! मला वाटायचं गटार तुंबलंय, कंपनीला मी तीन पत्रं पाठवली!"

मी खात राहिलो. कान तापले होते. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला इतकी लाज वाटू शकते हे मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात न्येलेने डाव भांड्यावर आपटला. तिच्या डावापुढे सगळे गप्प होतात.

"हसून झालं? आता माझं ऐका. फाटकाशी दुकान आहे ना, त्या माणसाला मी विचारलं. आठवड्याला चवळीची दोन पोती विकतो म्हणाला. आजूबाजूला दुसरं कोणी घेत नाही, सगळी गिऱ्हाइकं याच इमारतीतली. मला सांगा, या इमारतीत कुलिबाली किती?"

कोणीतरी पुटपुटलं, "चार."

"चार म्हातारे आठवड्याला दोन पोती खातात?"

मी मान वर केली. अर्धा हॉल छताकडे बघत होता. अर्धा आपल्या चपलांकडे. झुमानाने खिडकीतून बाहेर काही महत्त्वाचं चाललंय असा चेहरा केला.

मग तो माझ्याजवळ आला आणि गुडघ्याने मला ढोसलं. "सरक जरा. जागा अडवून बसलाय. मीठ कमी वाटतंय, बघू तरी." तो बसला, बाही मागे सारली आणि घास घेतला. चावताना त्याने डोळे मिटले. अकरा वर्षं एका खोलीत राहून मला ठाऊक नव्हतं, पण त्या चेहऱ्यावरून कळलं: याचीही पिशवी कुठेतरी आहे.

त्यानंतर बुधवार आणि शुक्रवार चवळीचे झाले, पुढे सोमवारही. टोमणे काही थांबले नाहीत. उलट आता सगळेच सगळ्यांना चवळीखाऊ म्हणू लागले आणि तोंडं भरलेली असल्यामुळे नीट म्हणताही येईना. तेनिन बातमी ऐकून धावत आली. दारातूनच ओरडली, "ए केइता! चोरून खाणाऱ्या! माझ्या पणजोबाची टोपली परत कर!" तेव्हा मला जेवण खऱ्या अर्थाने गोड लागलं.

मे संपताना रक्त तपासलं. त्रेसष्टांपैकी एक्केचाळीस जणांची साखर उतरली होती. माझीही.

जूनच्या बैठकीला आम्ही बारा जण गेलो, इस्त्रीचे लांब झगे घालून. तेनिनने आकडे वाचले. कंपनीच्या साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे आधीचं जेवण वाईट होतं हे आपणच सिद्ध केलंत."

"होतं," तेनिन म्हणाली. "आणि आठ-दहा वर्षं हॉस्पिटलने यांना एक छापील कागद दिला. त्यावर बटाटा, चीज आणि पास्ता यांची चित्रं होती. हे खाता का, विचारलं. यांनी प्रामाणिकपणे नाही म्हटलं, कारण हे ते खात नाहीत. किती जेवता, तर एक ताट. तेही खरं. परात कोणी पाहायला आलं नाही. याच शहरातल्या दुसऱ्या म्हाताऱ्याला साखर झाली तर त्याच्या हातातला कागद त्याच्या ताटासारखा दिसतो. तेवढंच यांना मिळालं असतं तर माझ्या ओळखीच्या एका माणसाला आज दिसत असतं."

ती घोटभर पाणी प्यायली. 

"साहेब, मी एक भांडं बदललं आणि एक्केचाळीस माणसांची साखर उतरली. एवढं स्वस्त औषध मी कुठे पाहिलं नाही. तुम्ही त्रेसष्ट खोल्यांत शेगड्या द्या, मग मला त्रेसष्ट दारं ठोठवावी लागतील. आणि कोणाच्या खाटेखाली काय शिजतं ते मला कोण सांगणार?"

हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. झुमानाने पाहिलं. मी खोकलो.

निकाल त्या दिवशी लागला नाही. सप्टेंबरात पत्र आलं. स्वयंपाकघर नव्या नकाशात आहे; आधीपेक्षा एक तृतीयांश लहान, पण आहे, आणि न्येलेची नोकरीही. न्येलेने पत्र हातात घेतलं, ओढणीला डोळे पुसले आणि म्हणाली, "लहान केलंय मेल्यांनी." मग सगळ्यांसाठी मासे तळले आणि तेनिनला दिसणार नाही अशा बेताने तेल जरा जास्त घातलं.

ते पत्र मी स्वतः वाचलं. त्या वर्षी संध्याकाळच्या वर्गात मी अक्षरं शिकत होतो. वाचायला अर्धा तास लागला, पण वाचलं. हॉस्पिटलच्या नव्या कागदावर आता एक परात काढलेली आहे आणि तिच्याभोवती पाच हात. किती जेवता, या प्रश्नासमोर मी आता अंगठा उठवत नाही. लिहितो: पाचांतला एक वाटा, निम्मी चवळी.

पत्र आलं त्याच दुपारी लासिनाला गावी फोन लावला. पोरीने काय केलं ते सगळं सांगितलं. तो हुं हुं करत ऐकत होता. मग मी म्हटलं, "लासिना, अजून एक आहे. मी चवळी खातो. लहानपणापासून. तू इथे होतास तेव्हाही खात होतो, तुझ्या पाठीमागे."

 पलीकडून हसू ऐकू आलं. तो हसत होता, खोकत होता, पुन्हा हसत होता. मागे त्याची बायको काय झालं, काय झालं विचारत होती.

"केइता," तो शेवटी म्हणाला, "हे तुझं तोंड बघायला तरी देवाने डोळे ठेवायला हवे होते माझे."

 

"लासिना," मी म्हटलं, "तुझ्या पोरीने माझा पाय वाचवला."

"तिने तिचं काम केलं." तो म्हणाला. "आज कोणता वार?"

"बुधवार."

"मग खाली जा, तुमचं जेवण थंड होत असेल. आणि ती आली असेल तर माशाचा मधला तुकडा तिच्या बाजूला सारून दे. लहानपणी ती मागायची, आठवतं ना?"

मला आठवत होतं. मी खाली गेलो आणि मधला तुकडा तिच्या बाजूला सारला.